वकिलाचे दप्तर आणि संगणकाची राखण

वकिली हा विश्वासावर चालणारा व्यवसाय आहे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु या विश्वासाला कायद्याचेही अधिष्ठान आहे, हे सर्वांच्या ध्यानात असतेच असे नाही. अशिलाने आपल्या कामानिमित्त वकिलाला जे सांगितले, जी कागदपत्रे दाखविली, किंवा वकिलाने त्याला जो सल्ला दिला, ते सर्व अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाने उघड करता कामा नये, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने ठरवून दिले होते. बेकायदेशीर हेतूने केलेला संवाद त्याला अपवाद होता. काम संपले, वकीलपत्र मागे घेतले, तरीही हे बंधन सुटत नसे. आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. तेथेही कलम १३२ मध्ये हे तत्त्व जसेच्या तसे कायम राहिले आहे.

तत्त्व कायम राहिले असले, तरी ते पाळण्याची साधने मात्र पार बदलून गेली आहेत. पूर्वी जिभेवर ताबा असावा, कपाटाला चांगले कुलूप असावे आणि कारकून विश्वासू असावा, एवढ्याने काम भागत असे. एखाद्याचे दप्तर पळवायचे तर चोराला त्या खोलीत प्रत्यक्ष यावे लागे, रुमालात बांधलेले गठ्ठे उचलून न्यावे लागत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामे कपाट सर्वांना दिसे. आज त्याच दप्तराचा मोठा भाग संगणकात असतो. तो चोरण्यासाठी खोलीत येण्याची गरज नाही. चोर दुसऱ्या खंडात बसलेला असू शकतो. शिवाय चोरलेली वस्तू मूळ जागी तशीच राहते. त्यामुळे चोरी झाल्याचे महिनोन्महिने कोणाला कळतही नाही.

अशा रीतीने किती मोठा ऐवज बाहेर पडू शकतो, याची कल्पना एप्रिल २०१६ मध्ये जगाला आली. पनामा येथील मोसाक फोन्सेका या वकिली पेढीची १ कोटी १५ लाख कागदपत्रे वृत्तपत्रांच्या हाती लागली आणि ‘पनामा पेपर्स’ या नावाने ती गाजली. त्यांतून जे उघड झाले ते लोकांना कळणे हिताचेच होते, असे अनेकांचे मत आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. सुमारे चार दशकांचे एका पेढीचे संपूर्ण दप्तर कोणताही गठ्ठा न उचलता दाराबाहेर गेले. मार्च २०१८ मध्ये ती पेढी बंद झाली.

पेढीच्या संगणकात काय असते?

वकिली पेढीवरच चोरांचा डोळा का असावा, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. बँकेत पैसा असतो, कारखान्यात माल असतो. वकिलाकडे तर केवळ कागद असतात. परंतु हे कागद निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या अडचणीच्या वेळी, दुसऱ्या कोणालाही न सांगितलेल्या गोष्टी सांगून तयार झालेले असतात. घटस्फोटाच्या दाव्यातील पत्रव्यवहार, मृत्युपत्राचा मसुदा, साक्षीदाराचा पत्ता, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचा करार हे सारे एकाच छताखाली असते. शंभर घरे फोडून जे मिळायचे, ते एका पेढीत मिळते.

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील सरकारी वकिलांनी तीन परदेशी व्यक्तींवर आरोप ठेवले. त्यांनी वकिली पेढ्यांच्या संगणकांत शिरून भागीदारांचा ई-मेल वाचला, कोणती कंपनी कोणती कंपनी विकत घेणार आहे हे आधीच जाणून घेतले, आणि त्या माहितीवर शेअर खरेदी करून ४० लाख डॉलरहून अधिक नफा मिळविला, असे आरोपपत्रात म्हटले होते. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्या कंपन्यांनी आपली गुपिते कदाचित उत्तम रीतीने सांभाळली असतील. परंतु ती वकिलाच्या दारातून बाहेर पडली.

दुसरे कारण वेळेचे आहे. वकिलाचे काम तारखेला बांधलेले असते. उद्या सुनावणी असताना आज फाईल उघडत नसेल, तर पेढीची जी घालमेल होते, ती खंडणीखोराला ठाऊक असते. तिसरे कारण पैशाचे. घरखरेदी, तडजोड, नुकसानभरपाई यांच्या रकमा कित्येक देशांत वकिलाच्या खात्यातून जातात. आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे एक खोटे पत्र योग्य वेळी पोचले, तर आयुष्यभराची शिल्लक एका दुपारी नाहीशी होऊ शकते.

टकर्स सॉलिसिटर्सचे प्रकरण

संगणक अद्ययावत ठेवणे म्हणजे नेमके काय, आणि त्यात कसूर झाली तर कोणाचे काय बिघडते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील एक प्रकरण थोड्या तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. टकर्स सॉलिसिटर्स ही फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव करणारी तेथील एक नावाजलेली पेढी. पेढीचे वकील बाहेरूनही कार्यालयातील संगणकांवर काम करू शकावेत, यासाठी सिट्रिक्स या कंपनीचे साधन बसविलेले होते. डिसेंबर २०१९ मध्ये या साधनात एक गंभीर उणीव असल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने दुरुस्ती उपलब्ध करून दिली, आणि ती तातडीने करावी अशी सूचना ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानेही त्याच महिन्यात दिली. टकर्सने ही दुरुस्ती केली ती जून २०२० मध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी.

२४ ऑगस्ट २०२० रोजी पेढीच्या ध्यानात आले की, आपल्या यंत्रणेत कोणीतरी शिरले आहे. घुसखोराने स्वतःसाठी एक खाते उघडून घेतले होते. अभिलेख ठेवलेल्या सर्व्हरवरील ९,७२,१९१ फायली त्याने कुलूपबंद केल्या, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात बदलून टाकल्या. त्यांतील २४,७१२ फायली न्यायालयात सादर करावयाच्या कागदपत्रांच्या बस्त्यांशी संबंधित होत्या. राखीव प्रतीही त्याने तशाच निकामी केल्या. यांपैकी ६० बस्ते त्याने बाहेर नेले आणि इंटरनेटच्या अंधाऱ्या बाजारात मांडले. त्यांत वैद्यकीय कागदपत्रे होती, साक्षीदारांची निवेदने होती, साक्षीदारांची व गुन्ह्याला बळी पडलेल्यांची नावे आणि पत्ते होते.

मार्च २०२२ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पेढीला ९८,००० पौंड दंड केल्याचे जाहीर केले. हा निर्णय वाचण्यासारखा आहे, कारण त्यात मुख्य दोष हल्लेखोराचाच आहे हे आयुक्तांनी मान्य केले. घुसखोर नेमका कोणत्या वाटेने आला हे तपासात निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. मात्र सिट्रिक्समधील उणीव ही त्याला उपलब्ध असलेली एक वाट होती. तरीही पेढीवर ठपका आला तो तीन गोष्टींसाठी: उपलब्ध दुरुस्ती पाच महिने केली नाही, बाहेरून प्रवेश करताना पासवर्डाखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जात नव्हता, आणि अभिलेखातील वैयक्तिक माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सायबर सुरक्षेच्या एका मूलभूत परीक्षेत ही पेढी अनुत्तीर्ण झाली होती, याचीही निर्णयात दखल घेतलेली आहे.

या प्रकरणातून आणखी एक सूक्ष्म गोष्ट शिकण्यासारखी आहे. जूनमध्ये दुरुस्ती झाली, मग ऑगस्टमध्ये हल्ला कसा उघडकीस आला? भिंतीचे भगदाड बुजविल्याने पुढे येणारे चोर थांबतात. परंतु भगदाड उघडे असताना आत शिरून माळ्यावर लपून बसलेला चोर त्यामुळे बाहेर जात नाही. म्हणून उशिरा केलेली दुरुस्ती ही वेळेवर केलेल्या दुरुस्तीच्या बरोबरीची नसते. दुरुस्तीला उशीर झाला असेल, तर मधल्या काळात कोणी आत आले होते काय, याचा शोध घेणे हा दुरुस्तीचाच भाग समजला पाहिजे.

ठिगळ आणि मुदत

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका होय. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा आज्ञांच्या लक्षावधी ओळी असतात. त्या माणसांनी लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत चुका राहतात, आणि काही चुका अशा असतात की, त्यांचा फायदा घेऊन परक्याला आत शिरता येते. चूक सापडली की निर्माता दुरुस्ती पाठवितो. तिला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २००३ पासून ही ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची पद्धत सुरू केली, आणि ती आजही चालू आहे.

ठिगळ प्रसिद्ध होते तेव्हा एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. कापड कोठे फाटले आहे हे त्या ठिगळामुळेच सर्वांना कळते, आणि त्या सर्वांत चोरही असतात. जुने सॉफ्टवेअर आणि दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर यांची तुलना करून ते नेमकी उणीव हुडकून काढतात आणि ज्यांनी अद्याप ठिगळ लावलेले नाही अशांचा शोध घेऊ लागतात. म्हणजे दुरुस्ती जाहीर होण्यापूर्वी जो धोका थोड्यांना ठाऊक होता, तो जाहीर झाल्यानंतर सर्वांना ठाऊक होतो. तेव्हापासून घड्याळ चालू होते.

मुदतीचे महत्त्व वकिलाला सांगण्याची गरज नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस आणि अन्य न्यायालयात तीस दिवस, हे त्याच्या तोंडपाठ असते. गंभीर दुरुस्तीसाठी ब्रिटनमधील ‘सायबर एसेन्शियल्स’ या योजनेने चौदा दिवसांची मुदत घालून दिली आहे. प्रत्येक पेढीने आपल्या दैनंदिनीत ही मुदतही इतर मुदतींप्रमाणेच नोंदवावी, हे उत्तम. फरक एवढाच की, येथे विलंबमाफीचा अर्ज करण्याची सोय नाही.

ही मुदत पाळायची तर आपल्याजवळ काय काय आहे, याची यादी प्रथम हवी. किती संगणक आहेत, त्यांवर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याची कोणती आवृत्ती आहे, इंटरनेटशी जोडणारे राउटर नावाचे यंत्र कोणते, छपाईयंत्रे कोणती, कोणत्या भागीदाराच्या भ्रमणध्वनीवर पेढीचा ई-मेल येतो, हे सारे त्या यादीत यावे. यादीत नसलेल्या वस्तूची दुरुस्ती कोणी करीत नाही. त्यानंतर हे काम कोणाचे आहे ते ठरले पाहिजे. ‘संगणकवाला बघतो’ हे उत्तर पुरेसे नाही. संगणकवाला बोलावल्यावर येतो. त्याला वेळेवर बोलावण्याची जबाबदारी पेढीतील एका नावाच्या व्यक्तीवर असली पाहिजे.

आधार संपलेली यंत्रे

निर्माता दुरुस्त्या कायम पाठवीत राहत नाही. ठराविक वर्षांनी तो जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेतो. विंडोज एक्सपी या आवृत्तीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आधार संपलेला संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. त्यामुळेच धोका ध्यानात येत नाही. परंतु त्यानंतर सापडलेल्या उणिवांना सामान्यतः ठिगळ मिळत नाही.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर जंतू जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या उणिवेतून शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे एकूणसाठ दिवस आधी, आधार चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी दिलेली होती. ज्यांनी ती लावली होती, त्यांच्या संगणकांत त्या वाटेने जंतूला शिरता आले नाही.

जुने यंत्र टाकून देणे नेहमीच शक्य नसते. पेढीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर एखाद्या जुन्याच आवृत्तीवर चालत असते, आणि नवे घेण्यास पैसे नसतात. अशा वेळी ते यंत्र इंटरनेटपासून तोडून निराळे ठेवावे, त्यावर ई-मेल उघडू नये, आणि ते केव्हा बदलायचे याची तारीख ठरवून ठेवावी. अपंग झालेल्या यंत्राकडून धावपळीची कामे करून घेऊ नयेत, इतकाच याचा अर्थ.

दुरुस्तीचेही धोके

येथवर वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, प्रत्येक दुरुस्ती मिळताक्षणी लावली की काम झाले. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक जंतू पसरला, तो मुळात एका दुरुस्तीच्याच वाटेने. युक्रेनमध्ये करभरणीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये तो मिसळण्यात आला होता. एकदा एका संगणकात आला की, तो चोरलेल्या पासवर्डांच्या साहाय्याने शेजारच्या संगणकांत जाई. त्यामुळे ठिगळ लावलेले संगणकही सुटले नाहीत. डीएलए पायपर या जगभर कार्यालये असलेल्या वकिली पेढीचे ई-मेल आणि दूरध्वनी त्यामुळे ठप्प झाले, आणि वकिलांना कित्येक दिवस भ्रमणध्वनीवर काम चालवावे लागले. त्याच दिवशी मर्स्क या जहाज कंपनीचे व्यवहार थांबले. तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. किएव्हमध्ये मिसळलेले विष न्हावाशेव्याला पोचण्यास एक दिवसही लागला नाही.

१९ जुलै २०२४ रोजी तर कोणत्याही शत्रूवाचूनच हाहाकार उडाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यावरून दुरुस्त्या करू नयेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे औषधाची एखाद्याला बाधा झाली म्हणून दवाखाना बंद करण्यासारखे होईल. योग्य निष्कर्ष दोन आहेत. पहिला असा की, दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करावी: प्रथम एकदोन संगणकांवर, सुनावणीची गर्दी नसलेल्या दिवशी, आणि एकदोन दिवस नीट चालले की उरलेल्यांवर. दुसरा निष्कर्ष असा की, घराला आतल्या भिंतीही हव्यात. स्वागतकक्षातील संगणक, हिशेबाचा संगणक आणि खटल्यांचा सर्व्हर हे सारे एकमेकांना मोकळेपणी जोडलेले असतील, तर एका खोलीत लागलेली आग साऱ्या वाड्यात पसरते.

किल्ल्या कोणाच्या हाती?

दरवाजा भक्कम असला, तरी किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली असेल तर त्याचा उपयोग नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने डीपीपी लॉ या पेढीला ६०,००० पौंड दंड जाहीर केला. आयुक्तालयाच्या निष्कर्षानुसार जून २०२२ मधील हल्लेखोर क्वचितच वापरल्या जाणाऱ्या एका प्रशासक-खात्यातून शिरला. ते खाते एका जुन्या व्यवस्थेसाठी ठेवलेले होते, आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरे कुलूप नव्हते. ३२ गिगाबाइटहून अधिक माहिती बाहेर गेली. आपली माहिती अंधाऱ्या बाजारात आल्याचे पेढीला कळले, ते तेथील राष्ट्रीय गुन्हे अन्वेषण संस्थेने कळविल्यानंतर.

यातून निघणारे नियम साधे आहेत. दूरून प्रवेश करण्यासाठी आणि ई-मेलसाठी पासवर्डाबरोबरच दुसरा पुरावा, म्हणजे भ्रमणध्वनीवरील संकेतांक किंवा खास किल्ली, अनिवार्य असावी. सर्वाधिकार असलेले खाते रोजच्या कामासाठी कोणीच वापरू नये. स्वतः पेढीच्या मालकानेही नाही. कनिष्ठ वकील पेढी सोडून जातो, त्या दिवशी त्याची खोलीची किल्ली परत घेतली जाते. त्याचे खातेही त्याच संध्याकाळी बंद व्हावे. एकच पासवर्ड साऱ्या कचेरीने वापरला, तर कोणी काय केले हे पुढे कधीच सांगता येत नाही, आणि पुराव्याची किंमत जाणणाऱ्या व्यवसायाला ही गोष्ट शोभणारी नाही.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा म्हणजे खोटी ओळख. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाला, न्यायालयाच्या संकेतस्थळासारखे दिसणारे एक बनावट संकेतस्थळ लोकांची वैयक्तिक माहिती काढून घेत असल्याचा इशारा द्यावा लागला. ज्या पत्रात पैसे, पासवर्ड किंवा तातडी यांचा उल्लेख आहे, त्याची खातरजमा त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर न करता आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून घ्यावी. दोन मिनिटांच्या या सवयीने जेवढे नुकसान टळते, तेवढे क्वचितच एखाद्या महागड्या यंत्राने टळत असेल.

दुसरी प्रत

आभाळच फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, असे आपल्याकडे म्हणतात. संगणकाच्या बाबतीत अशा प्रसंगासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे राखीव प्रत. ती कशी असावी याविषयी जाणकारांचा एक सोपा दंडक आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत अन्य ठिकाणी. त्यांतील निदान एक प्रत संगणकाला कायम जोडलेली नसावी. टकर्सच्या राखीव प्रती हल्लेखोराच्या हाताच्या अंतरावर होत्या, म्हणून त्याही गेल्या.

मर्स्कच्या बाबतीत दैवाने हात दिला. कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेचा नकाशा ज्या सर्व्हरांवर असे ते सर्व एकमेकांच्या प्रती ठेवीत होते, आणि म्हणूनच एकाच वेळी सर्व नष्ट झाले. घाना देशातील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. त्या एका प्रतीच्या आधाराने कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले. वीज जाण्यावर विसंबून राहणे हे मात्र नियोजन नव्हे. राखीव प्रत घेतली जात आहे एवढे पुरत नाही. तीन महिन्यांतून एकदा तरी एखादी जुनी फाईल त्या प्रतीतून प्रत्यक्ष परत काढून पाहावी. अनेकांना आपली प्रत कोरी असल्याचे संकटाच्या दिवशीच कळते.

काय ठेवावे, काय नष्ट करावे

वकिलांना कागद टाकवत नाही. कोणता कागद कधी लागेल सांगता येत नाही, हा अनुभव त्यामागे आहे. परंतु टकर्सच्या प्रकरणात असे आढळले की, पेढीने स्वतःच ठरविलेली सात वर्षांची मुदत उलटून गेलेले काही बस्तेही सर्व्हरवर तसेच पडून होते. ज्यांचे खटले केव्हाच संपले होते, ज्यांनी आपले आयुष्य पुन्हा उभे केले होते, अशा माणसांच्या कागदांचीही मग जोखीम पत्करली गेली. अशिलाला मूळ कागद परत करणे, कायद्याने आवश्यक तेवढे ठेवणे आणि उरलेले ठरल्या दिवशी नष्ट करणे हाही सुरक्षेचाच भाग आहे. जे आपल्याजवळ नाही, ते आपल्याकडून कोणी चोरू शकत नाही.

भारतातील स्थिती आणि लहान पेढ्या

आपल्या देशात संगणक-सुरक्षेच्या घटनांसाठी सर्ट-इन ही शासकीय संस्था २००४ पासून काम करीत आहे. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि शासकीय संस्था यांनी अशी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविली पाहिजे आणि यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपल्या पाहिजेत. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत.

परंतु भारतातील असंख्य वकील मोठ्या पेढ्यांत नसतात. जिल्हा न्यायालयासमोर एक लहान खोली, एक कनिष्ठ वकील, एक कारकून आणि एक संगणक एवढाच त्यांचा संसार असतो. मसुदा पेनड्राइव्हवर घेऊन समोरच्या टंकलेखन-झेरॉक्सच्या दुकानात छापून आणणे हा रोजचा परिपाठ. त्या दुकानातील संगणकावर दिवसभरात शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि दोन्ही पक्षांची कागदपत्रेही कधीकधी तेथेच उरतात. अशा वकिलाने काय करावे?

त्यालाही बरेच काही करता येते, आणि त्यातील पुष्कळशा गोष्टींना पैसे लागत नाहीत. संगणकाची दुरुस्ती आपोआप होईल अशी व्यवस्था चालू ठेवावी आणि दर शनिवारी तो एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण कित्येक दुरुस्त्या त्यावाचून पूर्ण होत नाहीत. कारकुनासाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकाराचे खाते उघडावे. फुकट मिळालेले अनधिकृत सॉफ्टवेअर वापरू नये. त्याबरोबर काय आले आहे हे कोणी सांगू शकत नाही. संगणकाची तबकडी सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत असतेच. ती वापरावी, म्हणजे संगणक लोकलगाडीत विसरला तरी फायली उघड होत नाहीत. दोन बाह्य हार्डडिस्क घ्याव्यात. आलटूनपालटून त्यांवर प्रत घ्यावी आणि एक नेहमी घरी असावी. छपाईसाठी पूर्ण फायलींचा पेनड्राइव्ह न देता तेवढाच एक कागद निराळ्या पेनड्राइव्हवर द्यावा. स्वतःचा साधा प्रिंटर घेता आला तर अधिकच चांगले. आणि भिंतीवर एक कागद चिकटवून ठेवावा: काही विपरीत दिसले तर प्रथम इंटरनेटची तार काढावी, काहीही पुसून टाकू नये, आणि कोणाला दूरध्वनी करावा. तो क्रमांक संगणकात नव्हे, कागदावर असावा.

या साऱ्याला तंत्रज्ञानाचे नाव असले, तरी हा मूलतः कर्तव्याचा प्रश्न आहे. टकर्सच्या साठ बस्त्यांत ज्यांची नावे होती, त्यांनी सिट्रिक्सचे नावही कदाचित ऐकले नसेल. दुरुस्ती केव्हा आली, ती लावली गेली की नाही, हे विचारण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नसता. आपली जबानी, आपला पत्ता आणि आपले दुखणे त्यांनी एका विश्वासाने कोणाच्या तरी स्वाधीन केले होते. दंड पेढीने भरला, तरी बाजारात गेलेला पत्ता काही परत येत नाही. १८७२ च्या कायद्याने वकिलाला तोंड बंद ठेवण्यास सांगितले, तेव्हा दप्तराला तोंड नव्हते. आता ते आहे, आणि ते बंद ठेवण्याचे काम दर महिन्याला, नेमाने, आठवणीने करावे लागते.